दहा डॉलरचा न्याय

दोन भावांचे पटेनासे झाले म्हणजे घरात मधोमध भिंत घालतात. अमेरिकेने १८२० साली तेच केले. पश्चिमेकडील नव्या मुलखाच्या नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या उत्तरेस, एकट्या मिसूरी राज्याचा अपवाद सोडून, गुलाम ठेवू नयेत. दक्षिणेस खुशाल ठेवावेत! मुत्सद्द्यांना वाटले, भांडण मिटले.

पण दक्षिणेचे सारे वैभव कापसावर उभे होते. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले. यंत्राने माणसांचे कष्ट वाचावेत. येथे घडले उलटेच. सरकी झटपट निघू लागली, तसा कापसाचा पेरा वाढला आणि वेचणीला माणसे अधिकच लागू लागली. १८६० च्या शिरगणतीत गुलामांचा आकडा ४० लाखांच्या घरात गेला.

उत्तरेकडील पुष्कळ लोक ‘तिकडचे तिकडे’ म्हणून स्वस्थ होते. त्यांची झोप उडविली १८५० च्या कायद्याने. पळून आलेला गुलाम पकडून धन्याच्या हवाली करायचा. ज्यूरी नाही, पकडलेल्याची साक्षही नाही. त्याला आसरा देणाऱ्यास १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याची फी तर पाहा: माणूस परत पाठविला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५! कागदपत्रांचे काम अधिक म्हणून फी अधिक, असे त्याचे समर्थन होई.

व्हर्जिनियातून पळालेला अँटनी बर्न्स हा तरुण बॉस्टनमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करी. २४ मे १८५४ रोजी तो पकडला गेला. त्याला सोडविण्यासाठी जमाव न्यायालयावर चालून गेला; झटापटीत एक पहारेकरी ठार झाला. २ जूनला त्याला बंदरावर नेले, तेव्हा रस्त्यावर सैनिकांचा पहारा होता आणि इमारतींवर काळी कापडे लावलेली होती. एका माणसाला गुलामीत परत धाडण्यासाठी केवढा हा लवाजमा! काल परका वाटणारा प्रश्न आज बॉस्टनकरांच्या दारावरून चालत गेला.

त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, नव्या कायद्याने ती जुनी रेघही पुसली. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, हे तेथील रहिवाशांनी ठरवायचे होते. मतांबरोबर बंदुकाही बोलू लागल्या. नव्या मुलखात गुलामगिरी पसरू देणार नाही, असे म्हणणारा लिंकन १८६० साली निवडून आला आणि दक्षिणेकडील राज्ये फुटून निघू लागली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या.

लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, असे दक्षिणेचे कैवारी पुढे म्हणू लागले. मग १८५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचा हक्क कोठे गेला होता? शिवाय, फुटून निघताना मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचेच कारण दिले होते!

चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली. बर्न्सला बॉस्टनच्या मित्रांनी १८५५ सालीच पैसे देऊन सोडविले होते. तो धर्मोपदेशक झाला. पण ही पहाट पाहण्यापूर्वीच, १८६२ साली, कॅनडात त्याचा अंत झाला.

१८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकनांस अर्पण केला. हजारो कोसांवरचे ते दुःख त्यांना ‘तिकडचे’ वाटले नाही.