जाळ्यावरचा पहारा

सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेच्या पाण्याची उंची मोजली जाते. पावसाळा भरांत आला म्हणजे सांगलींत घरोघरीं दिवसांतून दहा वेळां एकच प्रश्न ऐकूं येतो, "पुलाखालीं किती फूट?" ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हें तेथील शाळकरी मुलांसही पाठ असतें, २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. तथापि जाणता सांगलीकर एकट्या आंकड्यावर विसंबत नाहीं. वर सातारा जिल्ह्यांत कोयनेंतून किती पाणी सुटलें, सकाळपासून चढ किती झाला, आणि या दिवसांत एरवीं नदी कोठें असते, हें सर्व तो मनाशीं ताडून पाहतो. संगणकांच्या जाळ्यावर पहारा ठेवण्याची विद्या आम्ही गेल्या पावसाळ्यांत शिकूं लागलों, तेव्हां तीही मुळांत अशीच आहे असें आमच्या ध्यानांत आलें.

या उद्योगास आम्ही या वयांत कां लागलों, असें कोणी विचारील. आमच्या सातारच्या घरांतील पेन्शन आणि शिल्लक सहकारी बँकांतून आहे. वाचकांपैकीं पुष्कळांची हीच स्थिति असेल. १९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, जो घाला पडला तो आम्हांस विसरतां येत नाहीं. बनावट कार्डांनीं परदेशांतील एटीएम यंत्रांतून सुमारें ७८ कोटी रुपये कांहीं तासांत निघाले; देशांतून अडीच कोटींच्या आसपास गेले, आणि त्यांत आमच्या शेजारचें कोल्हापूरही होतें. सोमवारीं, १३ तारखेस, स्विफ्ट व्यवस्थेच्या वाटेनें आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगकडे वळविले गेले. पेशवाईंत भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता. येथें स्विचचा तोतया निघाला. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ खातेवहीपर्यंत पोंचलीच नाहीं, मध्येंच बसविलेल्या खोट्या स्विचनें परस्पर "द्या" असें उत्तर दिलें. खातेवही पाहणाऱ्यास कांहींच वावगें दिसलें नसतें. दिसलें असतें तें जाळ्यावर नजर ठेवणाऱ्यास, कीं नेहमींची वाहतूक आज भलत्याच वाटेनें चालली आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें आणि पुन्हां ३१ डिसेंबर २०१९ रोजीं नागरी सहकारी बँकांसाठीं सायबर सुरक्षेचे नियम काढले. दुसऱ्या नियमांत बँकांच्या चार पायऱ्या केल्या असून सर्वांत वरच्या पायरीवरील बँकांस पहाऱ्याचें स्वतंत्र केंद्र ठेवावें लागतें.

बँकेचा पहारा बँक करील. घरच्या जाळ्याचें काय, हा प्रश्न आमच्या पुतण्यानें काढला. तो सांगलीस अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. "काका, आपल्या राउटरवर किती उपकरणें आहेत?" आम्हीं बोटांवर मोजून नऊ सांगितलीं. निघालीं तेवीस.

त्यानें जें साधन आणलें त्याचें नांव सिक्युरिटी ओनिअन. कांदा हें नांव चेष्टेचें वाटेल, पण पापुद्र्यावर पापुद्रा अशी त्याची रचना आहे. डग बर्क्स या अमेरिकन गृहस्थानें २००८ सालीं हें काम आरंभिलें आणि तें विनामूल्य मिळतें. त्यांत सुरिकाटा नांवाचा कार्यक्रम ओळखीच्या चोरांच्या खुणा जुळवून इशारा देतो. झीक नांवाचा दुसरा कार्यक्रम कोणावर आरोप करीत नाहीं. कोण, कोणाशीं, केव्हां आणि किती वेळ बोललें, एवढें तो दुकानच्या रोजकीर्दीप्रमाणें लिहीत जातो. हा झीक व्हर्न पॅक्सन यांनीं १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत 'ब्रो' या नांवानें सुरू केला. त्याच प्रयोगशाळेंत १९८६ मध्यें क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञानें संगणकवेळेच्या हिशेबांतील पाऊण डॉलरच्या चुकीचा माग काढीत थेट जर्मनींतील हॅनोव्हरचा चोर गांठला होता. पाऊण डॉलर! आमच्याकडे अशी चूक "जाऊं द्या" म्हणून सोडून दिली जाते.

आरंभ करणारानें घाई करूं नये. जुना पण बऱ्यापैकीं स्मृतीचा संगणक घ्यावा; त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून छायाचित्रें आधीं काढून ठेवावींत. पहिले कांहीं दिवस जाळ्यास हातच न लावतां, शिकाऊंसाठीं मिळणाऱ्या तयार नोंदी आंत घालून पाहाव्यात. मग संगणकास जाळ्याचीं दोन कार्डें बसवावींत, एक आपण पाहण्यासाठीं आणि दुसरें केवळ ऐकण्यासाठीं. ऐकणाऱ्या कार्डास स्वतःचा पत्ता देत नाहींत. वाहतुकीची हुबेहूब प्रत एका तोंडावर काढून देणारा स्विच मात्र लागतो. आमचा घरचा राउटर तें करीत नव्हता, आणि त्यांत आमचे दोन रविवार गेले.

पहिल्या आठवड्यांत इशाऱ्यांचा असा पाऊस पडला कीं आम्हीं वैतागून ते सरसकट बंद केले. ही आमची चूक. पुतण्यानें ते पुन्हां उघडले आणि एकेक तपासून निरुपद्रवी तेवढे गप्प केले. 'पारध' म्हणतात ती याच्या पुढची. तींत इशाऱ्याची वाट न पाहतां स्वतः प्रश्न विचारावयाचा असतो. आमचा पहिला प्रश्न होता, घर झोंपलें असतां जागें कोण असतें?

परंतु त्याआधींच घरांत एक गोष्ट घडली. धाकट्या सूनबाईंनीं शांतपणें विचारलें, "मामंजी, रात्रीं आम्हीं काय वाचलें तेंही तुम्हांस दिसणार कां?" आम्ही निरुत्तर झालों. आजकालची बहुतेक वाहतूक कुलूपबंद असते, मजकूर दिसत नाहीं; पण कोणत्या स्थळाचें दार ठोठावलें तें पुष्कळदां दिसतें, आणि एकत्र कुटुंबांत तेवढेंही थोडें नव्हे. रात्रींच्या जेवणानंतर सर्वांस बसवून बोलणें झालें. नोंदी सात दिवसांनीं पुसावयाच्या, माणसांचे दूरध्वनी व संगणक वगळून यंत्रेंच पाहावयाचीं, आणि परवलीचा शब्द अर्धा आम्हांकडे व अर्धा सूनबाईंकडे असें ठरलें. शेजाऱ्यांच्या किंवा कचेरीच्या जाळ्यास विनापरवाना कान लावणें हा तर गुन्हाच होय.

रात्रीं दोनला जागा होता तो दारावरचा कॅमेरा. दर कांहीं मिनिटांनीं तो समुद्रापारच्या कोण्या संगणकाशीं बोलत असे. चोर नव्हता, आपल्या कारखानदाराकडे हजेरी देत होता. पण खटपट करतांना असें उघडकीस आलें कीं पेटींतून आलेला त्याचा परवलीचा शब्द आम्हीं दोन वर्षें बदललाच नव्हता. शब्द बदलला, बाहेरची वाट बंद केली. सध्यां मधल्या खोलींतील छपाईचें यंत्र पहांटे चारला कोणाशीं बोलतें, त्याच्या मागावर पुतण्या आहे.