स्वातीचे मोती आणि सोयाबीनची गंजी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ परभणीकर हे कधी छाती फुगवून म्हणतो, तर कधी गल्लीतल्या खड्ड्यात पाय गेल्यावर. जर्मनीचा इथे संबंध काय, याच्या कहाण्या पुष्कळ; पण यमक जुळलं आणि जोडी जमली, हेच कारण जास्त पटतं. दुसरी म्हण दखनी वळणाची : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्याची ही बोलण्यातली खूण.

म्हणींच्या संग्रहांचा इतिहास दोन ओळींत उरकायला हरकत नाही. मॅनवेअरिंग या पाद्र्याने मराठी म्हणींचं पुस्तक १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून काढलं. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ पुढे १९४० च्या दशकात आला. बर्कहार्ट या स्विस प्रवाशाने कैरोत जमवलेल्या म्हणी तर १८३० मध्येच छापल्या गेल्या होत्या. आईच्या डोळ्यांत माकडही हरीण, असं इजिप्तमध्ये म्हणतात. आपला ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’मधला बाब्या त्याच घरातला. असो.

खरी गंमत पावसाच्या म्हणींत आहे.

सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. जूनच्या ७-८ तारखेला मिरग निघतो आणि ऑक्टोबरअखेर स्वाती येते. मधल्या पावसांना लोकांनी नात्यागोत्याची नावं दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघा सासूंचा, पूर्वा सुनांचा. पंचांगात नक्षत्राचं वाहनही असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की गावाला धीर येतो. कोल्हा निघाला की पारावर चेहरे उतरतात. ‘पडेल हत्ती, तर पाडेल भिंती’ ही हस्ताची म्हण मात्र मराठवाड्यात अक्षरशः खरी. मातीच्या भिंती आणि वर माळवद. सप्टेंबरअखेरची झड लागली की भिंत फुगते आणि बसते.

‘पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा’ हीदेखील परभणीत सर्रास ऐकू येते. आता इथे भात कुठला? काळीभोर कापसाची जमीन, रब्बीला ज्वारी. ही म्हण भाताच्या मुलखातून पाहुणी आली आणि यमकाच्या जोरावर राहून गेली. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक-मोती’ ही मात्र घरचीच वाटते. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि ती मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. काळी माती ती ओल धरून ठेवते. कोवळ्या पिकावर ऑक्टोबरअखेर एक पाऊस झाला की थेट कणसापर्यंत पुरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाचं नाव ‘परभणी मोती’ ठेवलं, तेव्हा ही म्हण कुणाच्या मनात होती की नाही, कोण जाणे! नाव फार नेमकं पडलं, एवढं खरं.

आता मात्र म्हण उलटली आहे. खरिपात सोयाबीन आलं, ते नेमकं दसरा-दिवाळीच्या सुमारास काढून गंजी लावायला येतं. कापसाची बोंडं तेव्हाच फुटलेली असतात. आजोबांना ज्या पावसात मोती दिसायचे, त्याच पावसात नातू ताडपत्री घेऊन धावतो. म्हणीचा दोष नाही. तिचं पीक बदललं.

पावसाच्या खुणा सांगणारे अजूनही आहेत. महाराष्ट्रभर ज्यांचे हवामानाचे अंदाज मोबाइलवर फिरतात, ते पंजाबराव डख सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. दुसरीकडे १९७२ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामान सल्ला काढतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषितज्ज्ञांचं दर जूनचं सांगणं. मिरगाच्या पहिल्या सरीवर तिफण काढायला निघालेला शेतकरी डखांचा अंदाज ऐकतो, विद्यापीठाचा सल्ला वाचतो आणि मग घरात विचारतो, ‘यंदा मिरगाचं वाहन काय हाय?’