मेन स्विच पडायच्या आत

सकाळचे पावणेअकरा. सुरतेतल्या रिंग रोडवरच्या आमच्या कापड मार्केटचा दुसरा मजला. लिफ्टसमोर पार्सलांची थप्पी लागलीय, हमालांचे सदरे आत्ताच पाठीला चिकटलेत. ११ जून २०२५, बुधवार. पावसाचा पत्ता नाही. दुकानात सहा कॉम्प्युटर आहेत आणि त्यातल्या पाचांच्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरताहेत. काल वटपौर्णिमा होती. लिंबायतमधल्या वडाला सात फेरे मारून मी मोकळी झाले. यांच्या फेऱ्यांना मोजदाद नाही.

"बेन, केटली वार?" काचेच्या केबिनमधून शेठ विचारतात.

"थोडी वार, शेठ." दहा वाजल्यापासून हे मी चौथ्यांदा सांगतेय.

मी इथे बिलिंगला बसते. टॅली उघडायला एरवी मिनिटभर लागतं. आज बाण चिन्हावर ठेवून दाबला, चहा आला, चहा संपला, टॅली आली नाही. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: '११ ला जीएसटीआर-१'. म्हणजे मे महिन्यातल्या सगळ्या विक्रीचं विवरण आज रात्रीपर्यंत भरायचं. ते एक झालं. दुसरं रोजचं आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असली की १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याच्या नावाचं प्रत्येक बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. कोड नाही तर बिल नाही, बिल नाही तर ई-वे बिल नाही, आणि ते नाही तर ट्रान्सपोर्टवाला पार्सलला हात लावत नाही. बाहेरची ती थप्पी माझ्यामुळे थांबलीय. याच रस्त्यावर २०१७ च्या जुलैत व्यापाऱ्यांनी जीएसटीविरुद्ध दुकानं बंद ठेवून मोर्चे काढले होते. आता पोर्टल पाच मिनिटं उघडलं नाही तरी त्यांचा जीव कासावीस होतो.

साडेअकराला कॉम्प्युटरवाला भाऊ येतो. दिंडोलीत राहतो, मूळचा धुळ्याकडचा. पाठीवर सॅक, गळ्यात हेल्मेटचा पट्टा.

"काय जयं वं ताई?"

"मलेच माहीत राहतं तं तुला कशाला बोलावलं असतं?" आम्ही दोघं भेटलो की अहिराणी आणि मराठीची अशी खिचडी होते. शेठ आले की त्यात गुजराती पडते.

तो कीबोर्ड उचलून झटकतो. त्यातून बडीशेप पडते; ती माझी नाही. मग तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर मागवतो. तो यायलाही दोन मिनिटं घेतो. आला की भाऊ 'डिस्क' लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवतो. लालभडक, १०० टक्के. शेजारी प्रोसेसर फक्त अठरा टक्के.

"डोकं रिकामं आहे, हात भरलेत," तो म्हणतो. रकान्यावर एकदा दाबतो, तशी नावं वरखाली होतात आणि सगळ्यात वर येतं 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर', त्याच्याखाली अँटिव्हायरस. टॅली बिचारी खाली कुठेतरी, वाट्याला शून्य पॉइंट एक.

"अपडेट उतरतंय. उतरलं ते उघडतंय, उघडतंय ते अँटिव्हायरस तपासतोय. आणि तुमची डिस्क जुनी, तबकडीची. आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, पण वाचणारा हात एकच."

मला पटकन आमचा गोडाऊनमधला माणूस आठवतो. शिडी एक, माणूस एक. वरच्या फळीवरचा ताका काढायला चढला की खालून कुणीतरी दुसरा मागतं. तो उतरतो, तिकडे चढतो, पुन्हा पहिल्याची हाक. दिवसभर पळतो आणि संध्याकाळी मोजले तर ताके वीस. मी हे सांगते तशी भाऊ हसतो. "बरोबर. एसएसडीमध्ये शिडीच नाही. सगळे ताके हाताशी."

"पण आजच का?" केबिनच्या दारात येऊन शेठ विचारतात. "काले तो बराबर हतुं."

"काल वार कोणता होता, शेठ?"

"मंगळवार."

"महिन्यातला दुसरा. २००३ च्या ऑक्टोबरपासून ही रीत आहे. विंडोजच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला सुटतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा. दुकान बंद. म्हणजे पोचतात केव्हा? बुधवारी, तुम्ही शटर उघडता तेव्हा."

मी बोटांवर मोजते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडणार. तो १० ला पडला की बुधवार ११ ला. ड्रॉवरमधून गेल्या वर्षीची डायरी काढते आणि ११ डिसेंबरचं पान उघडते. बुधवार. खाली माझीच नोंद: 'कॉम्प्युटर धीमे, शेठ गरम.' भाऊ डायरी हातात घेऊन ते पान दोनदा वाचतो. एवढी वर्षं इंजिनिअर आले, रॅम बदलून गेले, राउटर बदलून गेले. पंचांग कुणी काढलं नव्हतं.

तरी त्याचं समाधान होत नाही. "एवढ्यानं दिवसभर अडकायला नको. तासा-दोन तासांचं काम आहे हे." तो सेटिंगमध्ये जाऊन अपडेटचा इतिहास उघडतो आणि गप्प होतो. मी वाकून बघते. एकाखाली एक ओळी: अयशस्वी. अयशस्वी. अयशस्वी. मेमधलं अपडेटसुद्धा अजून बसलेलं नाही. रोज उतरतं, रोज अर्धं बसतं, रोज सकाळी मागे फिरतं.

"ताई, रात्री हे बंद कोण करतं?"

"आम्हीच. शटडाऊन दाबतो, लेडीज रिक्षा पकडायची असते. मग वॉचमन मेन स्विच पाडतो."

"किती वाजता?"

"नऊ."

तो कपाळाला हात लावतो. मलाही आता ऐकू येतं, रोज ऐकूनही न ऐकलेलं: शटर ओढताना आतून येणारं यूपीएसचं टीं-टीं-टीं. पडद्यावर 'बंद करू नका' लिहिलेलं असताना वीज जाते, यूपीएस थोडा वेळ ओरडतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही निजतो. विंडोजची देखभालीची आपली ठरलेली वेळ रात्री दोनची, सगळे झोपलेले असताना. आमच्या मार्केटमध्ये रात्री दोनला उंदीर जागे असतात, पण वीज नसते.

आणि वीज नसते याला कारण आहे. २५ फेब्रुवारीला याच रिंग रोडवर शिवशक्ती टेक्स्टाईल मार्केटच्या तळघरात आग लागली. विझली म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेटली आणि सगळी इमारत धुमसत राहिली. शेकडो दुकानं गेली. कापड गेलं ते गेलंच. कुणाकडून किती येणं आहे ते ज्या वह्यांत आणि कॉम्प्युटरमध्ये होतं तेही गेलं. आमच्या खिडकीतून धूर दिसत होता आणि शेठ उभे राहून नुसते बघत होते. त्यानंतर आमच्या मार्केटनं नियम कडक केला: नऊच्या ठोक्याला मेन स्विच खाली. या नियमाबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही.

"एटले अपडेट कायम माटे बंध करी दे," शेठ तोडगा काढतात.

"नाही करणार."

शेठना नाही ऐकायची सवय नाही. भाऊ मात्र शांतपणे स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवतो. "शेठ, १२ मे २०१७. वॉनाक्राय आठवतो? दीडशे देशांत कॉम्प्युटरला कुलूप आणि चावीसाठी खंडणी. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत पेशंट परत पाठवले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधी आलेलं, १४ मार्चला. तोही दुसरा मंगळवारच. ज्यांनी बसवलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तेच भोक वापरून दुसरा आला आणि न्हावा-शेव्याच्या बंदरात एका टर्मिनलचं काम ठप्प. कंटेनर अडकून पडले."

न्हावा-शेवा म्हटल्यावर शेठ जरा नरमतात. तिथून माल जातो. पण व्यापारी माणूस, उलट बाजू लगेच मांडतो. गेल्या वर्षी १९ जुलैला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगातले ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले, आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते? तेही खरं आहे. भाऊ मान डोलावतो. "म्हणून चार दिवस थांबून बसवा. बसवूच नका असं नाही."

"आणि ऐका, हे विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबरला याचे नेहमीचे अपडेट संपणार."

शेठचा चेहरा उजळतो. "तो तो सारुं ने!"

भाऊ माझ्याकडे बघतो. मी डब्यातली कळण्याची भाकरी तोडते आणि त्याच्यापुढे सरकवते. याला दुसरं उत्तर मला सुचत नाही.

बारा वाजून गेलेत. तो चार कॉम्प्युटरवर अपडेट सात दिवस थांबवतो आणि कामाची वेळ बदलतो. यात ती सकाळी ८ ते ५ होती, म्हणजे पाचनंतर कॉम्प्युटर कधीही बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला मोकळा. आणि आमच्याकडे पाच ते आठ ही पार्सलांची खरी घाई. तो ९ ते ९ करतो. पाचवा, कोपऱ्यातला, ज्यात टॅलीचा डेटा आहे, तो मात्र मध्येच अडकलाय. "याला आता हात लावायचा नाही. रात्री नीट बसवू."

"मग मी काम कशावर करू?"

भाऊ केबिनकडे बघतो. शेठच्या टेबलावर सहावा कॉम्प्युटर आहे. गेल्या दिवाळीत घेतलेला, एसएसडीचा. त्यावर शेअरचे भाव आणि क्रिकेट चालतं. सकाळपासून त्याच्यावर एक ठिपका फिरलेला नाही. अपडेट कधी बसलं ते शेठना कळलंही नाही.

शेठ उठतात. खरंच उठतात. फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी ते टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हमध्ये घेऊन शर्टाच्या वरच्या खिशात घालून घरी नेतात. तो ड्राइव्ह आता काढून देतात. पंख्याखालची फिरती खुर्ची माझी. टॅली सहा सेकंदांत उघडते. मी उगीचच बंद करून पुन्हा उघडते.

पुढचे तीन तास सांगण्यासारखे नाहीत. मेच्या विक्रीचा मेळ लागतो, एका जयपूरच्या पार्टीचा जीएसटी नंबर चुकलेला सापडतो, विवरण चढतं. ओटीपी शेठच्या मोबाइलवर येतो आणि शेठ तो आपल्याच केबिनच्या दाराबाहेर उभे राहून आकडा-आकडा सुटा करून मला सांगतात. सव्वातीनला पोच मिळते. मग आजची बिलं. एकेक क्यूआर कोड छापून निघतो तसं बाहेर एकेक पार्सल थप्पीवरून उतरतं. साडेसातला लिफ्टसमोरची फरशी दिसते.

आठला भाऊ परत आलाय. कोपऱ्यातल्या डब्यासमोर बसून त्यानं आधी सी ड्राइव्ह मोकळा केला (साड्यांच्या डिझाइनचे व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो, हजारोंनी), अर्धवट उतरलेल्या फायली उडवल्या, अपडेट नव्यानं उतरवून घेतलं. आता पडद्यावर निळ्यावर पांढरी अक्षरं आणि टक्के. १२. बराच वेळ १२. मग १७.

नऊला पाच कमी असताना जिन्यात चपलांचा आवाज येतो. वॉचमन. बिहारचा, साठीचा, हातात टॉर्च आणि किल्ल्यांचा जुडगा.

"चलो भाई, मेन गिरा रहा हूँ."

"चाचा, आज थोडा रुको."

"नियम है."

नियम आहेच. शेठ असोसिएशनच्या कुणालातरी फोन लावतात, गुजरातीत बराच वेळ बोलतात आणि बोट वर करतात: आमच्या ओळीचा स्विच अर्धा तास चालू, पण माणसं बसून राहायची, दुकान सोडायचं नाही. वॉचमन समोरच्या ओळीचा स्विच पाडतो. बोळाचा अर्धा भाग अंधारात जातो. तो परत येऊन आमच्या बोर्डाच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहतो.

"कितना हुआ?"

"चोवीस."

घरी फोन करून मी लेकीला कुकर लावायला सांगते. लेडीज रिक्षा गेली. शेठ पार्सलच्या गोणपाटावर टेकलेत, खिशावर हात. पेन ड्राइव्ह परत आपल्या जागी गेलाय. एसी बंद केलाय, पंखे बंद केलेत, म्हणजे लोड कमी. फक्त तो एक निळा चौकोन उजळलेला आणि त्याच्या उजेडात आम्ही चौघं.

"अब?"

"एकोणतीस."

"अब?"

"तीस." आणि पडदा काळा होतो. वॉचमनचा हात दांड्यावर घट्ट होतो. "हो गया?"

"नको, नको, चाचा!" भाऊ ओरडतो. "रीस्टार्ट होतंय. हे अर्धंच. आता वर येईल आणि पुन्हा तीसपासून मोजायला लागेल."

वॉचमन आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघतो. मग दांड्यावरचा हात काढतो, टॉर्च विझवतो, शेठच्या शेजारचं एक पार्सल पायानं पुढे ओढतो आणि त्यावर बसतो.