कागदाची पाठ पाहिलीत का?

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा संपली की तुम्ही काय करता? जुनी पत्रकं आणि प्रश्नपत्रिका निवडून त्यातले पाठकोरे कागद बाजूला काढता, हो ना? दाभण-दोरा घेऊन ते शिवले की झाली कच्ची वही! एका बाजूला लिहिलेला, पण मागे कोरा कागद म्हणजे पाठकोरा. दोन्ही अंगांनी भरलेला तो पाठपोट. किती सुटसुटीत शब्द!

आता हाच अर्थ सांगणारा विद्वानांचा शब्द ऐका : ॲनोपिस्थोग्राफ. घाबरू नका, फोड करू या. ग्रीक भाषेत ‘अन’ म्हणजे नाही (आपल्या ‘अनोळखी’तला असतो तसाच), ‘ओपिस्थेन’ म्हणजे मागे आणि ‘ग्राफाइन’ म्हणजे लिहिणं. ज्याच्या मागे लिहिलेलं नाही, ते हस्तलिखित. म्हणजेच आपला पाठकोरा!

पण कागदासारखी महागाची वस्तू जुने लोक अर्धी कोरी का ठेवत? त्यासाठी प्राचीन इजिप्तमध्ये जायला हवं. तिथे पपायरस नावाच्या पाणवनस्पतीच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून, दाबून लिहिण्याची पानं करत. ती पानं चिकटवून लांबच लांब गुंडाळी होई. ज्या बाजूला धागे आडवे, तिथे लेखणी सुरळीत चाले. तीच बाजू गुंडाळीत आत ठेवत, म्हणजे अक्षरं झिजत नसत. बाहेरची बाजू हाताळून घासली जाई, म्हणून ती कोरी.

पटत नाही? मग वर्तमानपत्राची लांब पट्टी कापा, आत-बाहेर दोन्हीकडे पेन्सिलीनं लिहा, गुंडाळा आणि दहा वेळा उलगडा. बाहेरच्या अक्षरांचं काय होतं, तुम्हीच बघा!

ही कोरी पाठ कधी कधी चमत्कारही करते. इसवी सन ७८-७९ मध्ये इजिप्तमधल्या एका शेतमळ्याच्या कारभाऱ्यानं जमाखर्च लिहून ठेवला. काही वर्षांनी ते हिशेब निकामी झाले. मग कुणीतरी त्या गुंडाळ्यांच्या पाठीवर एक पुस्तक उतरवून घेतलं. ते होतं अथेन्सच्या राज्यकारभारावरचं. ते थोर तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं म्हणून ओळखलं जातं. पुढे ते जगातून नाहीसं झालं. १८९१ साली ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रेडरिक केनियन यांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा जग थक्क झालं. रद्दी म्हणून तो जमाखर्च चुलीत गेला असता तर?

आता इजिप्तहून थेट आपल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरसला येऊ. या तालुक्यातल्या वेळापूरला यादवकाळातले मराठी शिलालेख आहेत. दगडावर कोरलेला मजकूर सगळ्यांना दिसतो. पण जुन्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत, फडक्यात बांधलेले मोडी कागद असतात, ते कोण बघतो? कुणाच्या वतनाचे, कुणाच्या जमिनीचे, तर कुणाच्या कर्जाचे.

मराठेशाहीत कागदाच्या लांबट पट्टीला ‘बंद’ म्हणत. मजकूर मोठा असला की बंदाला बंद चिकटवत. मधलाच एखादा बंद कुणी लबाडीनं बदलू नये, म्हणून सांध्यावर शिक्का मारत. शेवटी उरलेल्या जागेत कुणी चार ओळी घुसडू नयेत, म्हणून मजकूर संपला तिथे मोर्तब उमटवत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. म्हणजे, मर्यादा इथे संपली! म्हणून जुना कागद हाती आला की तो उलटून बघायचाच. पाठीवर एखादी नोंद किंवा शिक्का असला, तर पुढच्या मजकुराची साक्ष तिथेच सापडते. आणि पाठ अगदी कोरी असली, तर तेही अभ्यासकाला कळायला हवं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे असे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. त्यातले निवडक कागद रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून ४५ खंडांत छापले. पण घराघरांतल्या पेट्यांची काळजी घेणार कोण? मोडी वाचता येणारे थोडे, त्यामुळे ‘हे काय किडेमुंगे!’ म्हणून कागद बंबात जातात. नाहीतर कोरी बाजू दिसली म्हणून त्यावर वाण्याची यादी होते.

तेव्हा एवढं करा. शाळेच्या पाठकोऱ्या कागदांवर खुशाल गणितं सोडवा. पण आजोबांच्या पेटीतल्या कागदावर पेन टेकवू नका. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ओल्या हातानं धरू नका. घरच्यांना विचारून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. मग मोडी जाणणाऱ्या माणसाचा शोध घ्या. त्याहून उत्तम म्हणजे स्वतःच मोडी शिका. देवनागरी तुम्हाला येतेच, नेटानं सराव केलात तर मोडीही येईल. आणि मग तुमच्या पणजोबांच्याही आधीच्या कुणाचं तरी नाव त्या कागदावर पहिल्यांदा तुम्हीच वाचाल!