जखमेत भरता येणारे जंतुनाशक जेल

शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने केली, तरी जखमेत जंतूंचा शिरकाव झाल्यास सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. त्यावर प्रतिजैविके हा मोठा आधार ठरला. तथापि, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच दिला होता. तो खरा ठरला. म्हणूनच, जखमेत भरावयाचा पदार्थच जंतुनाशक करता येईल काय, या दिशेने संशोधन सुरू झाले.

सब्जाचे बी भिजल्यावर त्याभोवती बुळबुळीत आवरण येते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जाळीदार पदार्थास हायड्रोजेल म्हणतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या जोएल श्नायडर व डॅरिन पोचन यांच्या गटाने वीस अमिनो आम्लांच्या एका लहान साखळीपासून असे जेल तयार केले व त्याचा जंतुनाशक गुण २००७ मध्ये प्रसिद्ध केला. शरीरातील द्रवात असतात तसे क्षार मिळताच ही साखळी केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडते आणि अशा असंख्य साखळ्या एकत्र येऊन सूक्ष्म तंतूंचे जाळे विणले जाते. या प्रकारचे जेल सिरिंजचा दट्ट्या दाबताच वाहू लागते व दाब जाताच पुन्हा घट्ट होते. त्यामुळे वेड्यावाकड्या जखमेतही ते भरता येते आणि जागेवर टिकते.

या जेलमध्ये निराळे औषध मिसळलेले नसते. तंतूंच्या पृष्ठभागावर धन विद्युत्भार असतो, तर जंतूंच्या आवरणावर ऋण भार असतो. स्पर्श होताच ते आवरण फाटते व जंतू मरतो. मानवी पेशींच्या बाह्य आवरणावर असा ऋण भार अल्प असल्याने त्यांना सहसा इजा होत नाही. २०१२ मध्ये आर्जिनिन या अमिनो आम्लाचे प्रमाण वाढवून केलेल्या जेलने अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचाही नाश केला. मानवी तांबड्या रक्तपेशी मात्र सुरक्षित राहिल्या.

अर्थात, प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णशय्येवरील यश यांत मोठे अंतर असते. शरीरात जेल किती काळ टिकते, त्याचे दुष्परिणाम कोणते, उत्पादनखर्च किती, या कसोट्यांवर असा प्रत्येक पदार्थ उतरावा लागतो. तोवर हाती असलेल्या औषधांचे सामर्थ्य जपणे अगत्याचे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके घेऊ नयेत व त्यांनी सांगितलेला औषधक्रम मध्येच सोडू नये, ही गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्य गावोगावी समजावून देऊ शकतील.