घेराव हा सत्याग्रह नव्हे

बारडोलीच्या सत्याग्रहाचा विषय निघाला, की घेराव हे महात्माजींनीच दिलेले शस्त्र होय, असे छातीठोकपणे सांगणारे वक्ते या सुरत शहरात मला वारंवार ऐकावे लागतात. आणि ज्या लढ्याने हा जिल्हा देशभर गाजला त्याचाच असा विपर्यास व्हावा, याचा संताप आल्यावाचून राहत नाही. 1928 साली सरकारने सुमारे 22 टक्के सारावाढ लादली, तेव्हा वल्लभभाईंच्या शब्दाखातर रयतेने केले काय? जप्तीचा अंमलदार भाडोत्री पठाणांसह वेशीवर दिसला, की ढोल वाजत, पटापट घरांना कुलुपे लागत, आणि ज्या म्हशींवर जप्ती यायची त्या माणसांसह महिनोन्‌महिने अंधारात अशा कोंडलेल्या राहिल्या, की उन्हावाचून त्यांची कातडी फिकी पडली. रयतेने कोंडून घेतले ते स्वतःला, अंमलदाराला नव्हे. आणि पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीअंती ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली.

महात्माजींचे मत काय होते, हेही तर्काने ठरविण्याचे कारण नाही. 1921 साली कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी वाटेत आडवे बसून सोबत्यांना अडविले, तेव्हा ‘यंग इंडिया’त त्यांनी त्या धरण्याला रानटीपणा म्हटले, आणि आपल्याला कोणी तुडविणार नाही या खात्रीवर बसणाऱ्याच्या भित्रेपणावरही बोट ठेवले. धनकोने ऋणकोच्या दारात अन्नपाण्यावाचून ठाण मांडावे, हा तगाद्याचा जुना रिवाज आपल्याकडेही होताच. परंतु धरणे धरणारा निदान स्वतः उपाशी राही. घेरावात उपास घडतो तो आत अडकलेल्याला.

घेरावाला आजचा अर्थ चिकटला तो 1967 साली, पश्चिम बंगालमध्ये. तेथील संयुक्त आघाडीचे श्रममंत्री सुबोध बॅनर्जी यांच्या कारकिर्दीत कामगारांनी व्यवस्थापकांना तासन्‌तास कचेरीत डांबण्याचे सत्रच सुरू झाले. आणि श्रममंत्र्यांना कळविल्यावाचून पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, अशी परिपत्रके निघाली, ती कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्दबातल ठरविली. सबब कामगार संघटनांना घेरावाची कायदेशीर मुभा आहे, हा समजही निराधार आहे: एखाद्याला अन्यायाने अडकवून ठेवणे हा फौजदारी गुन्हा असून 1926 च्या कायद्याने संघटनांना दिलेले संरक्षणही त्यापर्यंत पोहोचत नव्हते.

‘घेराव’ हा शब्द फारसी असल्याचेही सांगतात; परंतु फारसीत ‘घ’ हा वर्णच नाही, आणि ‘घेर’, ‘घेरणे’ ही सारी देशी भाषांचीच मिळकत आहे. घेराव म्हणजे वेढाच, हेही खरे नव्हे. वेढा हा संस्कृत ‘वेष्ट’पासून आलेला शब्द, आणि तो फौजेने किल्ल्याला वा शहराला घालावयाचा. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, त्याला काही जण वेढा म्हणतात, तेही सोडून द्यावे. ती चार-पाच दिवसांत आटोपलेली स्वारी होती.