चौदा पानांचा लेख, देहू

सकाळी ७.१५
शटर वर. ताई पायरी झाडतात, उदबत्ती लावतात, मग संगणकाचं बटण दाबतात. दुकान दहा बाय आठ. झेरॉक्स मशीन, स्कॅनर, प्रिंटर, इन्व्हर्टर. भाडं महिना सहा हजार. आज गुरुवार, कंपन्यांना सुट्टी. पहिलं गिऱ्हाईक कामगार. आधार, पॅन, पासबुक, प्रत्येकी दोन प्रती, चाकणच्या ठेकेदाराला द्यायच्या. सहा कागद, बारा रुपये. सुट्टे नाहीत. "राहू द्या, येता-जाता द्या."

८.४०
सप्ताहाची पत्रिका. कोरलमध्ये जुनी फाइल उघडायची, तारखा आणि कीर्तनकारांची नावं बदलायची. वर एक अभंग हवा. तो कोणाला विचारून घ्यावा लागत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेत, पत्रिकेवरही छापा. अडवणारं कोणी नाही. पत्रिकेचे तीनशे.

१०.००
सर येतात. तासिका तत्त्वावर शिकवतात. आज तास नाही, म्हणजे पैसेही नाहीत. हातात पेनड्राइव्ह. लेख गाथेच्या छापील प्रतींमधल्या पाठभेदांवर. मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये गाथेचे दोन भाग निघाले. सरांचं काम तिथून सुरू होतं. चार वर्षं खपलेत.

मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला. नियतकालिकाला युनिकोड हवा. ताई कन्व्हर्टर चालवतात. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालायची. ऑटोकरेक्ट बंद. तुकोबांचं जुनं रूप यंत्राला चूक वाटतं आणि ते गुपचूप सुधारून टाकतं. पानाला चाळीस रुपये, दुरुस्ती त्यातच.

११.३०
बी.ए.ची मुलगी ग्रंथालयाचं पुस्तक घेऊन येते. एक प्रकरण, बावीस पानं. ताई काढून देतात. पूर्ण पुस्तक कोणी मागितलं तर नाही म्हणतात. सर मान वर करून दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीची गोष्ट सांगतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये त्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयात प्रकाशक हरले. शिकवण्यापुरत्या प्रती काढणं हक्कभंग ठरलं नाही.
"झेरॉक्सवाल्यावर एवढे मोठे लोक?" ताई विचारतात. मशीनमधून बाविसावं पान बाहेर येतं. चव्वेचाळीस रुपये.

१.००
वीज गेली. गुरुवारची दुरुस्ती. इन्व्हर्टरवर संगणक तासभर चालेल, झेरॉक्स नाही. ताई डबा उघडतात. भाकरी, मेथी, ठेचा. सरांना अर्धी भाकरी.

सर फीचं सांगतात. नियतकालिकाने लेख स्वीकारलाय, छापण्याचे अडीच हजार मागितलेत. पत्रावर आयएसएसएन क्रमांक ठळक टाइपात. तो क्रमांक भारतात फुकट मिळतो, दर्जाचा शिक्का नव्हे. पूर्वी विश्वासार्ह नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी बघायची सोय होती. तिचा कक्ष पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी बंद झाली. आता ज्याचं त्यानं पारखायचं.

२.४५
वीज आली. नियतकालिकाचा हक्क सोपवण्याचा फॉर्म छापायचा, सही करायची, स्कॅन करून पाठवायचा. दोन पानं, इंग्रजी. छपाई दहा, स्कॅन दहा.

सर पेन काढतात. ताई म्हणतात, "वाचा तरी. घराच्या कागदावर अशी सही कराल का?"

सर वाचतात. सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायद्यातल्या पूर्ण मुदतीसाठी नियतकालिकाकडे. पुढे स्वतःच्या पुस्तकात लेख घ्यायचा तर त्यांची लेखी परवानगी. मोबदल्याच्या जागी रेघ.

१९५७च्या कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इथे दोन्ही लिहिलंय. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क मात्र सही केली तरी सरांचाच.

पेन पुन्हा खिशात.

४.१०
दुसऱ्या एका नियतकालिकाच्या सूचना सर पडद्यावर उघडतात. फी नाही. हक्क लेखकाकडे. अट एकच: लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय परवान्यावर खुला. म्हणजे कोणीही वाचावा, छापावा, भाषांतर करावं, विकावासुद्धा. लेखकाचं नाव आणि परवान्याचा उल्लेख द्यावा.
"विकावासुद्धा?" ताई थांबतात. "आणि तुम्हाला?"
"काही नाही."

विक्री नको असेल तर एनसी जोडलेला परवाना असतो. एनडी जोडला तर भाषांतर करून वाटता येत नाही. पण इथे निवड नाही, फक्त बाय. एकदा दिला की परत घेता येत नाही. सर बराच वेळ पडद्याकडे बघतात. मग परळच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण काढतात. तिथल्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये सुरू केलेलं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन लेखकाकडून पैसे न घेता अनेक वर्षं वाचकांना फुकट मिळालं. "तिथं पगारी डॉक्टर होते," ताई म्हणतात. सर हसतात.

५.३०
तळटिपा. एकोणचाळीस आहेत. सर अभंगांचे क्रमांक मोठ्याने वाचतात, ताई पडद्यावर जुळवतात. दोन चुकलेत. दुरुस्त. पीडीएफ, पेनड्राइव्ह. सर पाचशे साठ मोजून देतात. छपाईचे दहा वेगळे. स्कॅन झालाच नाही, त्याचे घेत नाहीत.

७.४५
हिशेब. गल्ला १,४३०. त्यातून टोनर, कागद, वीज, भाड्याचा रोजचा वाटा. ताईंच्या वाट्याला सहाशेच्या आसपास. कामगार सकाळचे बारा रुपये देऊन जातो.

लेखाचे ताईंना पाचशे साठ मिळाले. पहिल्या नियतकालिकाने अडीच हजार मागितले. सरांना मानधन दोन्हीकडे नाही. फॉर्म सहीविना त्यांच्या पिशवीत गेला. मुदत परवा संध्याकाळपर्यंत. तोवर लेख पूर्णपणे सरांचा आहे. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी सहीशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही.